रुग्णेतिहासाचा निवेदक : वैद्यकीय विद्यार्थ्याच्या जबाबदारीचा एक कथनमीमांसात्मक विचार

'प्रोफेशनल रिस्पॉन्सिबिलिटी' या संज्ञेसाठी मराठीत 'व्यावसायिक जबाबदारी' हा पर्याय रूढ झाला आहे. तो उच्चारताच एक अडचण उभी राहते. मराठी समीक्षेने 'व्यावसायिक' हे विशेषण दीर्घकाळ कमीपणा दर्शविण्यासाठी वापरले. प्रायोगिक रंगभूमीच्या तुलनेत व्यावसायिक रंगभूमी नेहमीच काहीशी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. बोलभाषेतही 'डॉक्टर आता फार व्यावसायिक झाले' या वाक्यात कौतुक नसते. अजित दळवी यांच्या 'डॉक्टर, तुम्हीसुद्धा!' या नाटकाचे शीर्षक मराठी प्रेक्षकाला स्पष्टीकरणावाचून कळले, ते याच अर्थवलयामुळे. मूळ लॅटिन धातूत मात्र चारचौघांत जाहीरपणे स्वतःला बांधून घेणे, व्रत सांगणे हा अर्थ आहे. आणि संस्कृत 'व्यवसाय' हा शब्दही गीतेच्या दुसऱ्या अध्यायात निश्चय या अर्थाने येतो. शब्दाचा हा जुना अर्थ मराठीने वापरातून घालवला आणि बाजाराचा अर्थ तेवढा ठेवला.

वर्धा शहरालगतच्या सावंगी (मेघे) येथे १९९० साली जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याच्याशी संलग्न असलेल्या ग्रामीण रुग्णालयाला आचार्य विनोबा भावे यांचे नाव आहे. 'गीताई' सिद्ध झाली ती वर्ध्यातच, १९३०-३१ मध्ये. ज्याने गीतेचा 'व्यवसाय' मराठीत आणला त्याच्या नावाच्या रुग्णालयात आज विद्यार्थी आधुनिक अर्थाने 'व्यवसाय' शिकतात, हा योगायोग आहे. पण या जिल्ह्यात असे योगायोग निरर्थक राहत नाहीत. मनोहर दिवाण यांनी दत्तपूरला कुष्ठरोग्यांसाठी काम उभे केले ते १९३६ मध्ये. त्याच वर्षी गांधी सेगावला, म्हणजे नंतरच्या सेवाग्रामला राहावयास आले. १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि प्रत्येक तुकडीने एक गाव दत्तक घेऊन तेथे शिबिरात राहण्याची प्रथा त्याने पाडली. या भूमीवर 'व्यवसाय' या शब्दासमोर 'सेवा' हा शब्द आपोआपच उभा ठाकतो.

परंतु विद्यार्थ्याच्या जबाबदारीचा विचार करताना 'सेवा' हा शब्दही फारसा उपयोगी पडत नाही. सेवा ही वृत्ती आहे. तिच्यात उणेपणा राहिला तर तो मनाचा उणेपणा ठरतो, त्याला हिशेब नसतो. जबाबदारीला मात्र हिशेब लागतो: कोणी, केव्हा, कोणाला, काय उत्तर द्यावयाचे आहे? वैद्यकीय विद्यार्थ्याबाबत या प्रश्नाचे उत्तर चमत्कारिक आहे. तो नोंदणीकृत वैद्य नाही. २००२ ची वैद्यकीय आचारसंहिता नोंदणीकृत वैद्याला उद्देशून आहे. पदवीपूर्व विद्यार्थी तिच्या कक्षेबाहेर राहतो. तो औषध लिहून देऊ शकत नाही, निर्णय घेऊ शकत नाही. तरीही रुग्णाच्या खाटेशी सर्वांत अधिक वेळ बसणारा पुष्कळदा तोच असतो. कायद्याच्या दृष्टीने जो जवळजवळ कोणीच नाही, त्याने काय करावे? वस्तुतः तो एकच गोष्ट पूर्णतः स्वतःची म्हणून करतो. तो रुग्णाचे सांगणे ऐकतो आणि ते लिहितो. विद्यार्थ्याची व्यावसायिक जबाबदारी ही प्रथमतः निवेदकाची जबाबदारी आहे, आणि म्हणून ती साहित्यविचाराच्या कक्षेत येते.

रुग्णेतिहास, म्हणजे वॉर्डच्या भाषेत 'केस', हा एक पक्का रूपबंध आहे. १८९७ मध्ये हचिसन यांचे 'क्लिनिकल मेथड्स' प्रसिद्ध झाले, तेव्हापासून आजवर अनेक पाठ्यपुस्तकांतून त्याचा सांगाडा थोड्याफार फरकाने तोच राहिला आहे: नाव, वय, गाव, काम, मग मुख्य तक्रारी, कालानुक्रमे, मग प्रस्तुत आजाराचा इतिहास, पूर्वेतिहास, कौटुंबिक इतिहास, वैयक्तिक सवयी, त्यानंतर तपासणी आणि अखेर संभाव्य निदान. कॅथरिन माँटगोमेरी हंटर यांनी १९९१ च्या आपल्या ग्रंथात वैद्यकाचे ज्ञान हे मुळातच कथनाने बांधलेले ज्ञान असल्याचे दाखवून दिले आहे. कथनमीमांसेच्या अभ्यासकाला येथे लक्षणीय वाटेल ते हे, की या रूपबंधात एक अंतर्गत विरोध घातलेला आहे. 'मुख्य तक्रार रुग्णाच्या स्वतःच्या शब्दांत लिहावी' असा दंडक सर्व पाठ्यपुस्तके घालतात. आणि ती लिहावयाची इंग्रजीत. रुग्णाचे स्वतःचे शब्द इंग्रजीत नसतात, निदान वर्धा, यवतमाळ वा चंद्रपूर जिल्ह्यांतून येणाऱ्या रुग्णांचे तर नाहीतच. म्हणजे दंडक पाळला जाण्याच्या क्षणीच तो मोडलेला असतो.

हा विरोध तपशिलात पाहण्याजोगा आहे. या भागातील एखादी प्रौढ स्त्री बाह्यरुग्ण विभागात येते आणि म्हणते, 'जीव घाबरून रायला.' या तीन शब्दांचे इंग्रजीत काय करावयाचे? छातीची धडधड, दम लागणे, रक्तातील साखर उतरल्याने येणारी अस्वस्थता, घाम, भीती, रात्री झोप न येणे, किंवा मुलाच्या कर्जाची चिंता. यांतील कोणतीही एक वा अनेक गोष्टी त्या वाक्यात असू शकतात. 'जीव' या शब्दाला इंग्रजी वैद्यकात अवयव नाही. घाईत असलेला विद्यार्थी 'पॅल्पिटेशन' लिहितो आणि पुढच्या कथनाची दिशा त्या एका शब्दाने ठरते. आता हृदयाची तपासणी होईल, आलेख काढला जाईल, आणि तो स्वाभाविक निघाला तर ही स्त्री 'काही नसलेली' ठरून परत जाईल. 'अंगावरून जाते', 'आग होते', 'हातपाय गळतात', 'कणकण वाटते' यांचीही हीच गत आहे. 'अंगावरून जाते' यात पांढरे की लाल हे विचारण्याचा धीर वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला नेहमी होतोच असे नाही, आणि सांगणारीलाही ते सासूसमोर सांगवत नाही.

आर्थर क्लाइनमन यांनी १९८८ मध्ये आजारपणाचा अनुभव आणि वैद्यकाने ओळखलेला रोग यांत भेद केला. मराठीला हा भेद नवा वाटू नये. आजार, दुखणे, रोग, व्याधी आणि विदर्भात सर्रास वापरला जाणारा 'बिमारी' हा शब्द. यांच्या अर्थच्छटा वेगळ्या आहेत, आणि 'दुखणे' हे ज्याचे त्यालाच असते. रुग्णेतिहास लिहिताना दुखण्याचे रोगात भाषांतर होते. ते व्हावयाचेच आहे. त्यावाचून उपचार होणार नाहीत. आक्षेप भाषांतराला नाही. भाषांतरकाराने मूळ संहिता पाहिली होती की नाही, आणि शंका आली तेव्हा तो तिच्याकडे परत गेला की नाही, हा प्रश्न आहे.

एक उदाहरण असे आहे की त्यात हा प्रश्न जीवन-मरणाचा होतो. कापसाच्या या पट्ट्यात कीटकनाशकाला 'औषध' म्हणतात. शेतकरी कृषी केंद्रातून औषध आणतो, औषध फवारतो, आणि घरात कलह वा कर्ज असह्य झाले तर कोणीतरी 'औषध पेते'. अपघात विभागात धावत आलेला भाऊ सांगतो, 'यानं औषध पेलं.' परप्रांतातून आलेल्या आणि मराठीची तोंडओळख झालेल्या विद्यार्थ्याला हे वाक्य शब्दशः समजते आणि अर्थतः समजत नाही. त्याच्या कानी औषध म्हणजे उपचाराचे द्रव्य. ही चूक फार वेळ टिकत नाही हे खरे. आकसलेली बाहुली, तोंडाला फेस आणि मंदावलेली नाडी शब्दाआधी बोलतात, आणि ज्येष्ठ डॉक्टर तोवर अॅट्रोपिन सुरू करतात. पण त्यानंतरचे प्रश्न शरीर सांगत नाही. कोणते औषध? डबी आणली आहे काय? किती? आणि कसे: प्यायले, की फवारताना अंगावर व नाकातोंडात गेले?

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर केसपेपरवर कसे लिहिले जाते यावर बरेच काही अवलंबून असते. २०१७ च्या हंगामात वर्धा नदीपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन २० च्या आसपास शेतकरी-शेतमजुरांचा बळी गेला आणि अनेकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. ते विष प्यायले नव्हते. ते काम करीत होते. परंतु ज्या भागात 'औषध' आणि रुग्णालय हे दोन शब्द एकत्र येताच आत्महत्येची कथा आधीच तयार असते, तेथे ऐकणाऱ्याच्या मनात कथानक ठरलेले असते आणि साक्षीदाराचे वाक्य त्यात बसवले जाते. उलट बाजूही तितकीच खरी आहे. ज्याने खरोखरच प्यायले त्याचे नातलग पोलिसांच्या भीतीने 'चुकून पेलं' असे सांगतात. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ ने, तो २०१८ मध्ये लागू झाल्यावर, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरावयास सांगितले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंडसंहितेचे ३०९ वे कलम त्या रूपात राहिलेले नाही. तथापि कायदा बदलल्याने गावातली भीती त्याच तारखेला बदलत नाही. अपघात आणि आत्महत्या यांच्या शासकीय मदतीचे निकष वेगळे, पोलिसांची चौकशी वेगळी, घरातल्या बाईकडे पाहण्याची गावाची नजर वेगळी. आणि या सर्वांच्या मुळाशी रात्री दोन वाजता लिहिलेली एक ओळ असू शकते.

अशा वेळी विद्यार्थ्याकडून सत्याचा निर्णय अपेक्षित नाही. तो त्याचा अधिकारच नाही. अपेक्षित आहे ते उक्तीचे श्रेय योग्य व्यक्तीला देणे: 'भावाच्या सांगण्यानुसार', 'रुग्ण स्वतः बोलण्याच्या स्थितीत नाही', 'पत्नी वेगळे सांगते'. व्होलोशिनोव्ह यांनी १९२९ च्या ग्रंथात परक्याच्या उक्तीचे वहन करण्याच्या रीतींचा विचार केला तो कादंबरीच्या संदर्भात. पण प्रत्यक्ष उक्ती, अप्रत्यक्ष उक्ती आणि दोन आवाज एकमेकांत मिसळलेली उक्ती यांतला भेद केसपेपरवर अधिक कठोरपणे लागू पडतो. कादंबरीत निवेदकाने पात्राचा आवाज आपल्या आवाजात मिसळला तर आपण त्याला शैली म्हणतो. केसपेपरवर तेच घडले तर ती खोटी साक्ष होते, लिहिणाऱ्याच्या मनात खोटेपणा नसला तरीही.

रुग्णेतिहासाच्या क्रियापदांकडेही समीक्षकाने पाहावे. रुग्ण 'तक्रार करतो', वैद्य 'नोंदवतो'. रुग्ण मद्यपान 'नाकारतो'. त्याने ते 'सांगितले' असे सहसा लिहिले जात नाही. नाकारणे या क्रियापदात आरोप आधीच येऊन गेलेला असतो. बालरोग आणि मनोविकार विभागांच्या नमुन्यात तर माहिती देणाऱ्याच्या विश्वसनीयतेसाठी स्वतंत्र रकाना असतो. वेन बूथ यांनी १९६१ मध्ये 'अविश्वसनीय निवेदक' ही संकल्पना मांडली तेव्हा तिचा निकष संहितेच्या गर्भित लेखकाची मूल्ये हा होता. येथे गर्भित लेखक कोण? उघडच वैद्यकसंस्था. तारखा नीट न सांगणारी, 'पोळ्याच्या आधीपासून', 'तूर निघाली तवापासून' असे काळ मोजणारी बाई या निकषाने अविश्वसनीय ठरते. वास्तविक तिचे कालमापन अत्यंत नेमके असते. पोळा श्रावण अमावास्येला येतो, आणि तूर केव्हा निघते हे या जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. अविश्वसनीयता या ठिकाणी वाचकाची आहे, निवेदकाची नाही.

खाटेभोवतीच्या अध्यापनाचे दृश्य सुपरिचित आहे. प्राध्यापक, निवासी डॉक्टर आणि आठ-दहा विद्यार्थी उभे असतात. एक विद्यार्थी केस सादर करतो. रुग्ण समोर असतो आणि त्याच्याविषयी तृतीयपुरुषात, त्याला न कळणाऱ्या भाषेत बोलले जाते. फूको यांनी १९६३ च्या आपल्या अभ्यासात आधुनिक रुग्णालयाच्या जन्माबरोबर रुग्ण हा वैद्यकीय दृष्टीचा विषय कसा झाला, 'काय होतंय' या प्रश्नाची जागा 'कुठे दुखतंय' या प्रश्नाने कशी घेतली, हे मांडले. मराठीत फूकोंचा हवाला देणाऱ्या लेखनात हे विवेचन पुष्कळदा संपूर्ण सत्य म्हणून स्वीकारलेले दिसते, आणि तेथेच त्याची मर्यादा नजरेआड होते. दृष्टी ही एकट्याची नसते. खाटेशी उभ्या असलेल्या दहा जणांची दृष्टी एक नसते. प्राध्यापकाची नजर निदानावर असते, निवासी डॉक्टरची घड्याळावर, आणि मागच्या रांगेतली एखादी विद्यार्थिनी रुग्णाच्या पायावर पांघरूण ओढत असते. शिकाऊ माणसाची दृष्टी अजून घडलेली नसते. वैद्यकाची भाषा त्याने आत्मसात केलेली असते, पण ती भाषा त्याला पुरती आत्मसात करून बसलेली नसते. तेवढ्या अवधीत तो दोन्हीकडचे ऐकू शकतो. तीन वर्षांनी हे त्याला अवघड जाईल.

याच अवधीत त्याला एक हाक ऐकू येते: 'डाक्टरसाहेब.' रुग्ण पांढरा कोट पाहतो आणि हाक मारतो. आल्थुसेर यांच्या परिभाषेत बोलायचे तर हाकेला वळून पाहणारा माणूस त्या वळण्यानेच त्या भूमिकेचा कर्ता होतो. विद्यार्थी वळतो. 'मी अजून शिकतो आहे, आजी' हे वाक्य तेव्हा म्हणावयाचे असते, आणि ते न म्हणता पोट तपासले तर मिळालेली संमती दुसऱ्याच कोणाला तरी दिलेली होती. सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात २००८ मध्ये एका कृतीसाठी दिलेली संमती दुसऱ्या कृतीला लागू पडत नाही, असे म्हटले ते शस्त्रक्रियेच्या संदर्भात. परंतु त्यामागचा तर्क खाटेशी बसलेल्या विद्यार्थ्यालाही शिकण्यासारखा आहे. 'आजी', 'माय', 'बाबा', 'काका' ही नात्यांची संबोधने विद्यार्थी सहजपणे वापरतात आणि ती चांगलीच गोष्ट आहे. मात्र नाते जोडून ओळख झाकली जाऊ शकते, हेही तितकेच खरे. 'आजी, जरा पोट बघू द्या' याला कोणती आजी नाही म्हणेल?

मराठी कल्पनाविश्वात डॉक्टरची पहिली ठळक प्रतिमा विद्यार्थिनीची आहे, याची आठवण येथे ठेवणे उचित ठरेल. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूक होऊनही त्यांना ते काम करता आले नाही. काशीबाई कानिटकरांचे १९१२ चे चरित्र आणि श्री. ज. जोशी यांची १९६८ ची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी यांनी ती प्रतिमा घरोघरी नेली; त्यात वाचकाचे लक्ष दांपत्यावर, समाजाच्या विरोधावर आणि अकाली मृत्यूवर खिळले. १८८३ मध्ये श्रीरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहात, अमेरिकेस निघण्यापूर्वी, त्यांनी आपण का जात आहोत हे श्रोत्यांसमोर सांगितले, ही घटना त्या मानाने दुय्यम राहिली. पण 'प्रोफेशन'च्या मूळ अर्थाने पाहिले तर तीच मध्यवर्ती आहे: कौशल्य हाती येण्याच्या आधी, परीक्षेच्या आधी, लोकांसमोर स्वतःला बांधून घेणे. आनंदीबाई रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टर म्हणून स्मरणात नाहीत. बांधून घेतलेली विद्यार्थिनी म्हणून आहेत. नंतरच्या मराठी डॉक्टरी आत्मकथनांत, त्यांचे अन्य गुण मान्य करूनही, असे म्हणावे लागते की विद्यार्थिदशा बहुधा धमाल, जागरणे आणि थोर गुरू यांच्या आठवणींनी भरलेली असते. रुग्ण तेथे प्रसंगापुरता येतो.

बांधून घेण्याची रीत म्हणजे शपथ. ऑस्टिन यांच्या १९६२ च्या विवेचनानुसार शपथ ही वर्णन करणारी उक्ती नसून कृती करणारी उक्ती आहे. ती खरी-खोटी नसते, साधते वा फसते. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात गुरूने शिष्याला दिलेला उपदेश हा या दृष्टीने दुर्मीळ ऐवज आहे, कारण तो सिद्ध वैद्याला नव्हे, शिकणाऱ्याला उद्देशून आहे. रुग्णाच्या घरी ओळखीच्या माणसासह, अनुमतीने जावे. तेथे मन, वाणी आणि बुद्धी रुग्णाखेरीज कशाकडेही नसावी. घरातले वृत्त बाहेर नेऊ नये. हे सांगणे आजही जसेच्या तसे लागू आहे. त्याच उपदेशात राजाचा रोष असलेल्यांवर आणि पती वा पालक उपस्थित नसलेल्या स्त्रियांवर उपचार करू नयेत, असेही आहे. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने ३१ मार्च २०२२ रोजी सुधारित चरक शपथेची शिफारस केली आणि महिनाभरात मदुराईच्या शासकीय महाविद्यालयातील समारंभावरून वाद पेटला. वादाचे स्वरूप हिप्पोक्रेटिस की चरक, पाश्चात्त्य की देशी, असे राहिले. संहितेचे संपादन करताना काय वगळले आणि वगळल्याचे विद्यार्थ्याला सांगितले गेले काय, हा खरा चिकित्सेचा प्रश्न त्या गदारोळात कोणी फारसा विचारला नाही. जुनी संहिता जिवंत ठेवायची तर तिच्यातील नको असलेला भागही वाचून दाखवावा लागतो. देशीयतेचा अभिमान आणि देशी भाषेतले रुग्णाचे वाक्य नीट ऐकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली समारंभात साधते.

२०१९ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमाने हा विषय अधिकृत केला, हे मान्य केले पाहिजे. भारतीय वैद्यकीय पदवीधराच्या भूमिकांत 'प्रोफेशनल' ही एक भूमिका नोंदलेली आहे. वृत्ती, नीती आणि संवाद यांवरील घटक पहिल्या वर्षापासून आहेत, आणि त्यांतला एक तर विच्छेदनासाठी आलेल्या मृतदेहाला पहिला गुरू मानणारा आहे. सुरुवातीच्या पायाभूत सत्रात स्थानिक भाषेची ओळखही येते. सावंगीसारख्या, देशभरातून विद्यार्थी येणाऱ्या ठिकाणी या शेवटच्या तरतुदीचे मोल मोठे आहे. 'कुठे दुखते' पासून 'औषध पेलं' पर्यंतचे अंतर मात्र काही दिवसांच्या सत्रात पार होणे कठीण. स्थानिक भाषा म्हणजे प्रमाण मराठी, असे गृहीत धरले गेले तर पुण्याहून आलेला मराठी विद्यार्थीही येथे अर्धा परप्रांतीयच ठरतो.

याच अभ्यासक्रमाने विद्यार्थ्याच्या नोंदवहीत एक नवा साहित्यप्रकार आणला आहे: चिंतनलेख. काय घडले, त्यामुळे काय वाटले, पुढे काय करणार, असे तीन टप्प्यांत लिहावयाचे आणि प्राध्यापकाची सही घ्यावयाची. आत्मपर लेखनाचा हा सक्तीचा प्रकार मराठी समीक्षेने अभ्यासावा असा आहे. जेथे अंतःकरणाचे टप्पे आधी आखून दिलेले असतात आणि वाचक हाच परीक्षक असतो, तेथे निवेदक लवकरच वाचकाला हवा तो पश्चात्ताप आणि हवा तो निर्धार पुरवू लागतो. शाळेतल्या 'माझी चूक मला उमगली' छापाच्या निबंधावर वाढलेल्या पिढीला हे शिकवावे लागत नाही. त्याउलट रीटा शॅरन यांनी न्यूयॉर्कमध्ये विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलेले 'समांतर टिपण' निराळे आहे. रुग्णालयाच्या कागदावर जे लिहिता येत नाही, पण कुठेतरी लिहावेच लागते, ते त्यात साध्या भाषेत लिहावयाचे असते आणि ते गटात मोठ्याने वाचले जाते. त्याचा विषय विद्यार्थ्याचे मन हा नसून रुग्णाचे जगणे हा आहे. स्वतःविषयी लिहिल्याने जबाबदारी येत नाही. दुसऱ्याविषयी लिहिताना शब्द अडला की ती जाणवू लागते. 'जीव घाबरून रायला' हे वाक्य देवनागरीत जसेच्या तसे केसपेपरवर लिहून, खाली आपला इंग्रजी अर्थ आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह टाकणारा विद्यार्थी कोणत्याही चिंतनलेखापेक्षा अधिक काही करतो. त्याला बंदी करणारा नियम नाही. सवय नाही, एवढेच.

एक शेवटचा मुद्दा कथनाच्या शेवटाविषयी. विद्यार्थ्याचे वॉर्डमधील सत्र ठरलेल्या आठवड्यांचे असते. सत्र संपते, तुकडी दुसऱ्या विभागात जाते, रुग्ण तेथेच राहतो. परिणामी विद्यार्थ्याच्या संग्रही असंख्य आरंभ असतात आणि शेवट फार थोडे. ज्या बाईचे 'पॅल्पिटेशन' त्याने लिहिले तिचे पुढे काय झाले, हे त्याला कळत नाही. त्यामुळे आपला शब्द चुकला होता काय, हेही कळत नाही. शेवट न वाचता केवळ प्रारंभावर लेखन करणारा समीक्षक कोणीही गांभीर्याने घेणार नाही. नव्या नियमावलीतील 'विद्यार्थी-डॉक्टर पद्धती'ने, म्हणजे ठरवून दिलेल्या रुग्णाची दाखल होण्यापासून रुग्णालय सोडेपर्यंत सोबत करण्याच्या योजनेने, निदान तत्त्वतः हा दोष ओळखला आहे. ती नीट राबवली गेली तर रुग्ण घरी निघतो त्या दिवशी हाच विद्यार्थी हजर असेल.

त्या दिवशी रुग्णाच्या हाती कार्ड येते, तेही इंग्रजीत. नातलग ते उलटसुलट करून पाहतात आणि जवळ उभ्या असलेल्या विद्यार्थ्यापुढे धरतात: 'यात काय लिवलं, सांगा बरं.' आता भाषांतर उलट दिशेने करावयाचे असते. आठ दिवसांपूर्वी त्यांच्या शब्दांतून जे इंग्रजी झाले, ते पुन्हा त्यांच्या शब्दांत आणावयाचे असते. आणि विद्यार्थ्याने पहिल्या दिवशी मूळ वाक्य कोठे लिहून ठेवले असेल तर त्याला आता ते काढून पाहता येते.